‘ती घरीच असते’ : जनगणनेच्या प्रगणकांना खुलं पत्र

प्रति,
फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेसाठी घरोघरी जाणारे सर्व प्रगणक आणि पर्यवेक्षक,



सोळा वर्षांनी देशाची शिरगणती होते आहे आणि ती पहिल्यांदाच कागदाऐवजी मोबाइलवर होणार आहे. त्यासाठी जिने चढणार आहात तुम्ही. तुमच्यातले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत शिकवता. वर्ग सांभाळायचा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, निवडणुकीची ड्यूटी करायची आणि वर हे काम. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर अर्धवट उघडलेल्या दारातून “आत्ता वेळ नाही” हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच. म्हणून हे पत्र तक्रारीचं असलं तरी तुमच्यावर डूख धरून लिहिलेलं नाही. प्रश्नावली तुम्ही तयार करत नाही. पण ती लोकांपर्यंत पोचते तुमच्याच तोंडून, आणि छापलेला प्रश्न एक नि दारात विचारलेला प्रश्न दुसराच, असं पुष्कळदा होतं.

या वेळी सगळ्यांचं लक्ष जातीच्या रकान्याकडे आहे. साहजिकच आहे. त्या गडबडीत कामाचा रकाना मात्र नेहमीसारखा घाईत भरला जाईल, अशी धास्ती वाटते. तो कसा भरला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. “मिस्टर काय करतात?” याचं उत्तर सविस्तर टिपलं जातं: कंपनी, हुद्दा, प्रवास कशाने करतात. मग नजर फॉर्मवरच ठेवून, “आणि तुम्ही काही करता का?” त्यातल्या ‘काही’ला उत्तर एकच असतं. “नाही, घरीच असते.” झालं, पुढचं नाव.

२०११ च्या जनगणनेत अशा तऱ्हेने ‘घरकाम’ हाच मुख्य उद्योग म्हणून नोंदवलेल्या बायका होत्या सुमारे सोळा कोटी. पुरुष होते सुमारे अठ्ठावन्न लाख. हे सगळे ‘काम न करणारे’ या सदरात गेले. २००१ मध्येही तेच झालं होतं, आणि त्याच सदरात भिकारी नि कैदीही होते. २०१० साली मोटार अपघाताच्या भरपाईचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात होता, अरुणकुमार अग्रवाल विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स. त्याच्या निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले आणि घर सांभाळणाऱ्या बायकांकडे बघण्याची ही रीत असंवेदनशील असल्याचं सुनावलं. संसदेने यात लक्ष घालावं, असंही त्यांनी सुचवलं. त्यानंतरच्या जनगणनेतही गृहिणी ‘काम न करणाऱ्यां’तच राहिली.

आता जनगणनेची ‘काम’ या शब्दाची व्याख्या पाहू. तुमच्या प्रशिक्षणात ती येतेच. शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं हे काम. दूध विकायचं नसेल, फक्त घरी प्यायचं असेल, तरी दुभतं जनावर सांभाळणं हेही काम. म्हणजे कराड तालुक्यातली एखादी बाई कडेवर पोर घेऊन म्हशीला वैरण टाकत असेल, तर वैरण टाकते म्हणून ती कामकरी. संध्याकाळी म्हशीला पाणी पाजते, धार काढते, शेण उचलते, तेही काम. पोराला भरवते, धुते, निजवते, ते नाही. याचं कारण अर्थशास्त्रातलं आहे. दूध ही वस्तू आहे, तिला बाजार आहे, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती घरी प्यायली तरी येते. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाची केलेली उस्तवार ही बिनमोल सेवा, म्हणून हिशेबाबाहेर. हा नियम जगभर चालतो. तो बदलणं तुमच्या हातात नाही, आणि हे पत्र तशी मागणीही करत नाही. म्हशीचं नशीब तेवढं बघून ठेवावं.

तर मग मागणी काय आहे? त्यासाठी एका घरात डोकवावं लागेल.

बदलापूरमधलं दोन खोल्यांचं घर. नवरा सातच्या आत लोकल गाठतो आणि रात्री नऊला परत येतो. घरात आई आणि एक वर्ष दहा महिन्यांची मुलगी. जनगणनेत पूर्ण झालेली वर्षंच लिहितात, त्यामुळे फॉर्मवर तिचं वय ‘१’. कुकरची पहिली शिट्टी झाली की ही ‘१’ वयाची व्यक्ती धावत येऊन आईच्या पायाला मिठी मारते आणि दुसऱ्या शिट्टीला आपणच “टिट्टी!” असं ओरडते. कणीक मळायला घेतली की तिलाही गोळा हवा असतो. तो दिला की आधी लादीवर, मग केसांत, मग तोंडात. तो तोंडातून काढेपर्यंत गॅसवरच्या भाजीने तळ धरलेला असतो. पोह्यांतले शेंगदाणे आईने आधीच वेचून बाजूला काढलेले असतात, कारण या वयात अख्खा दाणा घशात अडकू शकतो. वेचून ठेवलेल्या दाण्यांची वाटी नेमकी तिच्याच हाताला लागते, म्हणून ती वाटी फ्रीजवर जाते. फ्रीजवर आधीच कात्री, औषधं, रिमोट आणि नवऱ्याचा चष्मा असतो.

बाथरूममध्ये भरलेली बादली असते. या वयात धडाच्या मानाने डोकं जड. मूल वाकून पाहताना तोल जाऊन आत पडलं तर त्याला परत सरळ होता येत नाही, थोडंसं पाणीही जिवावर बेततं. बादली रिकामी करून उपडी ठेवावी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बरोबरच आहे. पण ज्या घरात पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे रिकामी बादली परवडत नाही. मग दाराला वरची कडी बसवून घेतली जाते आणि ती लावली आहे ना, हे दिवसभर वळूनवळून पाहिलं जातं. हे वळून पाहणं कुणी मोजत नाही. ते मोजण्यासारखं आहे हे त्या आईलाही वाटत नाही.

मग जेवण. वाटीभर खिमट, त्यावर तूप. पहिले दोन घास भुकेचे. पुढचे खिडकीच्या गजांशी उभं राहून काऊचे, चिऊचे, पाण्याच्या टँकरचे आणि समोरच्या इमारतीतल्या आजींचे. मधलाच एक घास गालात धरून ठेवलेला असतो, तो ना आत जातो ना बाहेर येतो. “हे काय?” हा प्रश्न चालूच. गज. कावळा. टँकर. पाणी. परत गज. प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं असतं, कारण शब्द याच वयात भराभर गोळा होतात आणि घरात त्या वेळी बोलणारं माणूस ते एकटंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा की वर्षाच्या मुलाला मोबाइल-टीव्ही दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलाला दाखवला तर एक तासाहून जास्त नको. आईने तो वाचलेला आहे. तरी भाजीला फोडणी घालण्यापुरता ती मोबाइल हातात देते, आणि नेमकी तेव्हाच शेजारीण साखर मागायला येते.

लसीचं कार्डही तिच्याच डोक्यात असतं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर, दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस. आरोग्य केंद्राच्या रांगेत रडणारं मूल कडेवर, दुसऱ्या खांद्याला पिशवी आणि आज रात्री ताप येणार याची खात्री.

दुपारी एकच्या सुमाराला मुलगी निजते. आणि मग ही बाई शिलाई मशीन उघडते. साड्यांना फॉल-पिको करून देते, साडीमागे पैसे घेते. गल्लीतल्या निम्म्या साड्या तिच्याकडे येतात. जनगणनेच्या व्याख्येने हे सरळसरळ काम आहे. पूर्ण वेळ नसेल, पण काम आहे, आणि त्याने तिचं सदरच बदलतं. तरी दारात कुणी विचारलं तर ती “घरीच असते” असंच म्हणणार. फॉल-पिकोला ती स्वतः काम म्हणत नाही. “तेवढाच वेळ जातो,” म्हणते.

प्रगणकमहाशय, पहिली विनंती इथेच आहे. “काही करता का?” वर थांबू नका. एक प्रश्न आणखी विचारा. शिकवणी घेता का, डबे देता का, पापड-लोणची करून विकता का, शिवता का, घरच्या दुकानात बसता का, शेतात जाता का, गुरं बघता का? १९९१ च्या जनगणनेत शेतातलं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही कामाच्या छापील प्रश्नात स्पष्ट शब्दांत घातलं गेलं, कारण तोवर असंख्य बायका गणतीतून सुटत होत्या. छापील प्रश्न सुधारला. दारातला मात्र पूर्वीचाच राहिला.

दुसरं असं की तिच्याबद्दलची माहिती तिलाच विचारा. दार सासऱ्यांनी उघडलं की घरातल्या सगळ्यांची उत्तरं तेच देतात आणि सुनेच्या कामाचा निकाल अर्ध्या वाक्यात लागतो. गंमत म्हणजे १९४८ च्या जनगणना कायद्याने बाईचा भलताच विचार केलेला आहे. नवऱ्याचं नाव घेणं रूढीत बसत नसेल तर ते सांगायची तिच्यावर सक्ती नाही. उखाण्याशिवाय नाव न घेणाऱ्या पिढीची एवढी कदर कायद्याने केली. तिच्या स्वतःच्या कामाबद्दल तिला बोलतं करायचं, एवढं आपल्यालाही जमायला हवं.

आता पर्यवेक्षकांसाठी थोडं. कामाचे तास मोजणारी दुसरी एक पाहणी आहे, वेळेच्या वापराची. ती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं, तुमचं खातं वेगळं. पण सरकारी कचेऱ्यांमध्ये एकमेकांना पत्रं जातात, म्हणून हे इथे सांगायचं. २०२४ च्या या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ज्या बायकांनी घरातल्या माणसांची देखभाल केली त्यांची त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं गेली, पुरुषांची ७४. हे आकडे मोलाचे आहेत. अशी देशव्यापी पाहणी २०१९ पर्यंत झालीच नव्हती, त्यामुळे ती करणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण १४० मिनिटं म्हणजे दोन तास वीस मिनिटं. त्यात शाळकरी मुलं, आजारी म्हातारी माणसं सगळे आले, ती सरासरी आहे, हे मान्य. तरी दोन वर्षांचं मूल दिवसाचे दहाबारा तास जागं असतं. उरलेला वेळ त्याच्याकडे बघतं कोण?

याचं उत्तर पाहणीच्या पद्धतीत सापडतं. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात, आणि एका तुकड्यात अनेक कामं झाली असतील तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलीच टिपतात. दहा मिनिटं! बदलापूरच्या त्या घरात खिमट भरवणं सोडलं तर सलग दहा मिनिटं काय चालतं? गोळा तोंडातून काढणं दोन मिनिटं, कडी बघणं काही सेकंद, शू पुसणं तीन मिनिटं, पडल्यावर जमिनीला “हात रे” करणं आणि गुडघ्यावर फुंकर घालणं दीड मिनिट. अर्ध्या तासाच्या खान्यात शेवटी उरतो ‘स्वयंपाक’. मूल गायब. मुलावर नुसतं लक्ष ठेवणं यालाही या पाहणीच्या वर्गवारीत वेगळी जागा आहे, ही चांगली गोष्ट. पण काल काय केलं असं विचारल्यावर “लक्ष ठेवलं” असं कोण सांगतं? ते विचारूनच काढावं लागतं. लहान मूल असलेल्या घरांसाठी ही दहा मिनिटांची अट शिथिल करावी आणि “त्या वेळी मूल कुणाकडे होतं?” एवढा एक प्रश्न जोडावा, हे वरपर्यंत पोचवता आलं तर पाहा.

काही जणांना वाटेल की ती घरी बसली हा तिचाच निर्णय, त्यात सरकारने कशाला पडायचं. हिशेब साधा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे मूल सहा महिन्यांचं होईतो. पाळणाघर ठेवायची सक्ती पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवरच. अंगणवाडीत बसून शिकायला मूल तीन वर्षांचं व्हावं लागतं, त्याआधी वजन होतं आणि घरी न्यायचा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षं या मधल्या अडीच वर्षांत सासू नसेल, आई गावाला असेल आणि पाळणाघराचा खर्च झेपत नसेल, तर घरातलं एक माणूस घरी राहतं. ज्याचा पगार कमी ते राहतं. बहुतेक वेळा ती बाई असते.

आणि मूल सांभाळणं हे काम आहे, हे सरकारला कळत नाही असंही नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. खडी फोडणाऱ्या बाईइतकाच त्या बाईचा दिवस भरायचा. रस्त्याच्या कडेला झाडाखाली पाच मुलं सांभाळली की काम, घरात एक सांभाळलं की नाही. तुमच्यातल्या शिक्षकांना ताराबाई मोडकांबद्दल सांगायला नको. आदिवासी मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ओळखून त्यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी त्यांच्या लेखी बिनकामाची नव्हती. तिचं काम आधी कुणीतरी हातात घेतलं, तेव्हा कुठे ती पाटीपर्यंत पोचली.

न्यायालयांचंही थोडं सांगितलं पाहिजे. तिथे गृहिणीच्या कामाला किंमत मिळते, पण ती मेल्यावर. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचं मोल महिन्याला तीन हजार रुपये धरलं. दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी गृहिणी काम करत नाही ही समजूतच चुकीची ठरवली, आणि २०११ च्या जनगणनेतले तेच सोळा कोटी नि अठ्ठावन्न लाख आकडे निकालपत्रात मांडले. तुम्ही दारात टिपलेलं उत्तर असं पुढे कोर्टात उभं राहतं. ते नीट टिपावं, ही विनंती त्यासाठीच.

त्या अठ्ठावन्न लाख पुरुषांना विसरून चालणार नाही. बायको परिचारिका किंवा बँकेत, नवऱ्याची कंत्राटी नोकरी सुटलेली, मूल दोन वर्षांचं: अशी घरं आता शहरांत दिसतात. बागेत घसरगुंडीपाशी हा बाप उभा असतो. बाकीच्या आया मुलाला विचारतात, “आज मम्मी नाही आली?” डायपरची पिशवी, पाण्याची बाटली, बिस्किटाचा डबा, सगळं त्याच्याकडे नीट असतं. पण दारात प्रश्न आला की तो म्हणतो, “सध्या बिझनेसचं बघतोय.” नाहीतर “ब्रेक घेतलाय.” त्याच्या तोंडून ‘घरकाम’ निघत नाही आणि तुमच्या बोटाखाली ‘काम शोधतो’ येतं. त्याला दोनदा विचारा. बायकांना जे सवयीने चिकटवलं जातं, ते पुरुषांना विचारलंही जात नाही. दोन्हीकडे आकडा चुकतो.

आणखी एक छोटी गोष्ट. “घरात माणसं किती?” असं विचारलं की लोक मोठी माणसं मोजतात. तान्ही आणि रांगती मुलं उत्तरातून निसटतात. म्हणून “अगदी लहान बाळ कुणी आहे का?” असं मुद्दाम विचारा. पायजम्याला धरून तुमच्याकडे टक लावून बघणारं ते पोरही शिरगणतीतलं एक शीर आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या घरांना: या वेळी पोर्टलवर स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे. ती भरायला नवरा बसला, तर तिच्या कामाच्या प्रश्नाशी आल्यावर मोबाइल तिच्या हातात द्यावा. आईला देवीबिवी म्हणून हार घालायची गरज नाही. फॉल-पिकोचं लिहिलं तरी पुष्कळ आहे.



आपली नम्र,
त्या घराची शेजारीण (साखर मागायला जाणारी)

ता. क. लहान मूल असलेल्या घरी दुपारी एक ते तीन जाऊ नये. जावंच लागलं तर बेल वाजवू नये, दारावर टकटक करावी.